शिर्डीचा एक दिवस : जग जिला द्वारकामाई म्हणतं, ती मशीद

हैदराबादहून फुफी आणि त्यांची दोन कॉलेजातली मुलं नगरला आली होती. मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, शिर्डी इथून किती लांब? घरात लगेच दोन पार्ट्या पडल्या. मामूंचं म्हणणं, समाधीपुढे रांग लावणं आपल्या अकीद्यात बसत नाही. मुलगी म्हणाली, "मामू, माथा टेकायला कोण चाललंय? साईबाबा ज्या मशिदीत राहिले ती बघायची आहे." मामू गप्प झाले आणि रविवारी सकाळी गाडीत सगळ्यात आधी तेच बसले.

राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता हा नगर-मनमाड रस्ता. रस्त्याबद्दल नगरकरांना वेगळं सांगायला नको. शिर्डीत पोचायच्या आधीच मोटारसायकलवरचे पोरं गाडीला समांतर चालायला लागतात : पार्किंग, चप्पल, हार, झटपट दर्शन. शिर्डीत यांना 'पॉलिशवाले' म्हणतात. गाडी आपल्या माहितीतल्या दुकानासमोर लावून घ्यायची, मग प्रसादाचं ताट गळ्यात मारायचं, असा यांचा धंदा. आम्हीही एका ठिकाणी फसलोच, फुलांच्या टोपलीचे तिप्पट पैसे मोजले. फुलं चढवायची नव्हतीच, ती टोपली दिवसभर फुफीच्या मांडीवर राहिली. संस्थानच्या किंवा नगरपालिकेच्या पाटीखालीच गाडी लावा, कोणी कितीही 'भाऊ, इकडं' म्हणालं तरी.

रविवार, गुरुवार आणि सुट्ट्यांचे दिवस टाळता आले तर टाळा. गुरुवारी रात्री द्वारकामाईतून चावडीपर्यंत पालखी निघते, त्यामुळे संध्याकाळनंतर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. समाधी मंदिराची रांग आता नव्या दर्शनरांग संकुलातून जाते. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बसायला जागा आहे, पाणी आहे, मोबाईल मात्र बाहेर जमा करावा लागतो. आमचे दोन तास गेले. रांगेत आंध्र, तेलंगण, तामिळनाडूची माणसं मराठी बोलणाऱ्यांपेक्षा जास्त वाटली. फुफी तेलुगू बोलतात म्हणून पुढच्या बायकांशी त्यांची गट्टी जमली. बुरखा होता, कोणी काही विचारलं नाही. आत संगमरवरी मूर्तीसमोर काही सेकंदच मिळतात. मुंबईचे शिल्पकार बाळाजी तालीम यांनी केलेली ही मूर्ती १९५४ मध्ये बसवली. मामू रांगेत आलेच नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिले. त्यावर कोणी वाद घातला नाही.

ज्यासाठी गेलो होतो ती जागा मंदिराला लागूनच आहे. द्वारकामाई. बाबा तिला 'मशीदमाई' म्हणत. साईबाबांचं चरित्र गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी 'श्री साई सच्चरित' नावाने ओवीबद्ध लिहिलं, त्यात ती पानोपानी मशीदच आहे. बाबा आले तेव्हा ही पडकी मातीची मशीद होती. आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी इथे काढला. इथे धुनी पेटवली, ती आजही जळते, तिची राख म्हणजे उदी. काचेआड जातं आहे, गव्हाचं पोतं आहे, पाण्याचा कोळंबा आहे. रोजच्या आरत्याही होतात.

पण मुस्लिम पाहुण्याची नजर आपोआप पश्चिमेच्या भिंतीकडे जाते. तिथे कोनाडा आहे. सच्चरितात त्याला 'निंबर' म्हटलंय. मिंबर या शब्दाचंच हे बोलीतलं रूप असावं, असं आम्हाला वाटतं, जरी ही जागा आपल्या भाषेत मिंबर नाही, मिहराब. पोराने विचारलं, "किब्ला बरोबर आहे. मग अजान का होत नाही?" मामूंकडे उत्तर नव्हतं, आमच्याकडेही एका वाक्याचं नव्हतं.

उत्तराचा एक भाग उरुसाच्या गोष्टीत आहे. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना बऱ्याच वर्षांनी मूल झालं, त्यांनी बाबांचा उरूस भरवायचं मनावर घेतलं. कलेक्टरची परवानगी काढली आणि १८९७ मध्ये पहिला उरूस भरला. दिवस ठरला रामनवमीचा. हिंदूंची निशाणं निघाली, तर कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल यांनी संदल सुरू केला. चंदन उगाळून ताटात घ्यायचं, ऊद-लोबान जाळत वाजतगाजत मिरवायचं आणि मशिदीत येऊन त्याच निंबराला आणि भिंतींना हाताने लावायचं. १९१२ मध्ये भक्तांनी याच दिवशी रामजन्माचा उत्सव जोडला आणि हळूहळू उरूस हा शब्द मागे पडून रामनवमी पुढे आली. संदल बंद झाला नाही. आजही रामनवमीला निघतो.

दुसरा भाग १९१८ चा आहे. १५ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा, आणि मोहरमचेही दिवस. बाबांचा इंतकाल झाला आणि दफन कुठे करायचं यावर गाव अडलं. मुसलमानांचं म्हणणं होतं, उघड्या जागेत कबर असावी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, नागपूरचे बुट्टी बांधत असलेल्या वाड्यात ठेवावं. हिंदू-मुसलमान अशी सरळ फाळणीही नव्हती, कारण सच्चरितात उघड्या जागेच्या बाजूने अमीर शक्करांबरोबर खुशालचंद या मारवाडी भक्ताचंही नाव येतं. छत्तीस तास चर्चा चालली. मामलेदारांनी लोकांचं मत घेतलं, बहुमत वाड्याकडे गेलं. तोच बुट्टी वाडा म्हणजे आजचं समाधी मंदिर. ज्याला आपण समाधी म्हणून रांगेत उभे राहतो, तिथे माणूस दफन आहे, ही साधी गोष्ट अनेकांना माहीत नसते.

समाधीची देखभाल सुरुवातीला अब्दुल बाबांकडे होती. हे मूळचे नांदेडचे, तिथल्या एका फकिराने शिर्डीला पाठवलेले. झाडलोट, पाणी भरणं, दिवे लावणं ही त्यांची खिदमत. बाबांजवळ बसून ते कुरआन वाचत आणि बाबा जे सांगत ते उर्दूत वहीत उतरवून घेत. कॅनेडियन अभ्यासक मारियान वॉरेन यांच्या १९९९ च्या पुस्तकात या वहीचा अनुवाद आहे आणि त्यात सूफी परंपरेचीच भाषा दिसते. १९२२ मध्ये संस्थानची रचना झाली आणि अब्दुल बाबांचा अधिकार गेला. १९५४ मध्ये ते वारले. चावडीसमोर त्यांची छोटी खोली अजून आहे, लेंडीबागेच्या आवारात मजार आहे. मंदिरातल्या गर्दीचा शंभरावा हिस्साही तिथे नव्हता. मामू तिथे मात्र थांबले, मजारीपासून चार हात दूर उभं राहून त्यांनी मगफिरतीची दुआ केली.

बाबा मुसलमान होते का हिंदू, हा प्रश्न शिर्डीत कमी आणि बाहेर जास्त विचारला जातो. २०१४ मध्ये द्वारकेचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांनी साईपूजेला उघड विरोध केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाराणसीच्या काही मंदिरांतून साईंच्या मूर्ती हलवल्या गेल्या. आपल्यातही 'ते आपले नव्हतेच' म्हणून हात झटकणारे आहेत. दोन्हीकडच्यांना तो फकीर नको आहे. आणि हे लांबचं नाही. आपल्याच जिल्ह्यात मढीला, जिथे हिंदू कानिफनाथ म्हणतात आणि मुसलमान शाह रमजान माही सवार, फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रामसभेने यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. असा ठराव नियमात बसत नाही, हे प्रशासनाला सांगावं लागलं.

आम्हाला बाबांना जबरदस्तीने कलमा पढवायचा नाही. ते 'अल्लाह मालिक' म्हणत आणि रामनवमीही होऊ देत, दोन्ही गोष्टी त्यांच्या हयातीतल्या माणसांनी लिहून ठेवल्या आहेत. तक्रार एवढीच की द्वारकामाईत येणाऱ्या पोराला हा कोनाडा काय आहे आणि संदल कोणी सुरू केला, हे सांगणारं कोणी भेटत नाही. आपली मुलं तर बाहेरूनच परत जातात.

असरची वेळ झाली तेव्हा गावातल्या मशिदीचा रस्ता आम्ही एका हारवाल्याला विचारला. त्याने गिऱ्हाईक सोडून कोपऱ्यापर्यंत येऊन गल्ली दाखवली. वुजू करताना पोरगा मामूंना विचारत होता, संदलला पुढच्या रामनवमीला यायचं का. मामू म्हणाले, "गुरुवार नसला तर बघू."