गाठ आहे दोराशी!

काळा घोड्याला कॉफी प्यायला आपण सगळेच जातो. तिथल्या एका अरुंद गल्लीचं नाव कधी वाचलंय? रोप वॉक लेन. ऐकायला रोमँटिक, पण प्रकरण एकदम घामाचं! इथे जहाजांसाठी दोरखंड वळले जायचे. धागे एका दिशेने पिळून त्याचे पेड करायचे, मग तीन पेड एकत्र घेऊन उलट दिशेने पीळ द्यायचा. दोन पीळ एकमेकांशी भांडतात, म्हणूनच दोर उलगडत नाही. जेवढा लांब दोर, तेवढी लांब सरळ जागा हवी. कारागीर पिळत पिळत चालणार, म्हणून ‘वॉक’.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या म्युझियममध्ये दिमाखात उभं आहे. आपल्याकडे मात्र गल्लीची पाटी उरली.

पण गाठी उरल्या बरं का! खलाशी दोन दोर जोडायला जी गाठ मारतात, तिला ‘शीट बेंड’ म्हणतात. वरळी कोळीवाड्यात जाळं विणताना पडते ती गाठ घ्या, किंवा परळ-लालबागच्या गिरण्यांत तुटलेला धागा सांधायची विणकरांची गाठ घ्या. बांधायची पद्धत वेगळी, हात वेगळे. पण सैल करून बघितली तर वळण तेच. दर्या आणि गिरणगाव यांचं नातं असं चिमटीत मावतं. मला तर हे कळल्यावर बुटाची लेससुद्धा आदराने बांधावीशी वाटायला लागली.

आता मुद्द्याचं. गाठ मारणं ही कला की नुसतीच कलाकुसर? वीकेंडला मॅक्रमेचं वर्कशॉप करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हा प्रश्न घरी हमखास ऐकावा लागतो. “छान आहे गं, पण हे कुंडी टांगायलाच ना?”

उत्तर द्यायला एक नाव पाठ करून ठेवा : मृणालिनी मुखर्जी. जन्म 1949, मुंबई. (वाढल्या डेहराडून-शांतिनिकेतनात, शिकल्या बडोद्यात, राहिल्या दिल्लीत. तरी जन्म आपला, सो हक्क आपला!) बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन त्यांचे गुरू. सत्तरच्या दशकात त्यांनी हेम्पचे, म्हणजे तागासारख्या धाग्याचे दोर हातात घेतले. माग नाही, आधी काढलेलं स्केच नाही. रंगवलेले दोर गाठ-गाठ करत जायचं आणि त्यातून माणसाहून उंच ‘देवी’ (1982), ‘यक्षी’ (1984) उभ्या करायच्या. त्यात समुद्र नाही; आहेत ती फुलं, झाडं, देह. पण दोर स्वतःच्या वजनाने झुकतो, घडी पडते आणि शिल्प श्वास घेतंय असं वाटतं. दगडाला हे जमत नाही, माफ करा. एकेका शिल्पाला महिनेच्या महिने लागत. नव्वदच्या दशकात त्या सिरॅमिककडे वळल्या, पुढे ब्राँझकडे.

तरीही ‘हे शिल्प की हस्तकला’ हा प्रश्न वर्षानुवर्षं त्यांच्या कामाला चिकटून राहिला. दिल्लीच्या एनजीएमएत त्यांचं मोठं रेट्रोस्पेक्टिव्ह उघडलं जानेवारी 2015 मध्ये, आणि अवघ्या काही दिवसांत त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं 2019 मध्ये. टाळ्या पडल्या, पण त्या ऐकायला त्या नव्हत्या. मला याचा खरंच राग येतो.

आणि दोराची शिल्पं बघायला आपल्याला लांब जायची गरजच काय? लालबाग-परळच्या कार्यशाळांत गणपतीच्या सीझनला डोकवा. प्लास्टरच्या उंच मूर्तीला आतून बळ देतो तो काथ्या. तोच नारळाचा काथ्या, ज्याचे जहाजांसाठी दोर वळले जायचे. प्लास्टरमध्ये भिजवून तो साच्यात थापतात; वर रंग, सोनेरी मुकुट चढला की कुणाला दिसत नाही. दिसतो तो थेट विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, गिरगाव चौपाटीवर, ओहोटीला. तुटलेल्या एखाद्या हातातून पिंगट तंतू बाहेर आलेले असतात आणि लाट आली की हलत राहतात.