आवडलं नाही, कारण…

मुलाला वाचता येतं की नाही हे पाहायला आपण त्याला धडा मोठ्याने वाचायला लावतो. मी म्हणतो, त्याला एक गोष्टीचं पुस्तक द्या आणि ते कसं वाटलं ते चार ओळींत लिहू द्या. कळलं किती, पटलं काय, खटकलं काय, सगळं तिथे दिसतं. शाळा सुटल्यावर भरणाऱ्या वर्गात हे विशेष जमतं, कारण तिथे गुण नसतात. बारामती-इंदापूर भागात असे वर्ग हुडकत हिंडणं हा माझा जुना नाद.

आकडेवारी उरकून घेतो. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. करोनानंतर २०२२ मध्ये ४२.८ आणि २०२४ मध्ये ४८.८. झालं.

वाचायला शिकवण्याची वेगळी वाट मात्र शेजारीच सापडते. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून इथे आल्या, फलटणच्या बोलीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि इथल्याच झाल्या. जाई निंबकरांबरोबर त्यांनी परभाषकांसाठी मराठीची पुस्तकं केली. (जाई म्हणजे इरावती कर्व्यांची लेक, स्वतः कादंबरीकार.) शाळेबाहेर पडलेल्या दलित वस्तीतल्या मुलांना शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झालं. बर्नसन यांच्या वाचनपद्धतीत सगळी मुळाक्षरं आधी घोकायची नसतात. थोडी अक्षरं, एखाददुसरी मात्रा, की लगेच अर्थाचे शब्द. लिहिणंही पहिल्यापासून, आणि तेही मुलाच्या मनातलं. पुस्तक परीक्षणाचं बी मला तिथे दिसतं.

मुलांची पहिली परीक्षणं एका साच्याची असतात. ‘हे पुस्तक मला खूप आवडले’ अशी सुरुवात, मग सगळी गोष्ट, शेवटी तात्पर्य. आपणच लावलेली सवय! ती मोडायला मला तीन प्रश्न पुरतात. कुठे थांबून मागचं पान पुन्हा पाहिलंस? कोणाचं वागणं पटलं नाही? हे पुस्तक वर्गातल्या कोणाला देशील आणि कोणाला मुळीच देणार नाहीस? तिसऱ्या प्रश्नाला वर्ग खिदळतो आणि पेन्सिली चालू लागतात. ‘आवडलं नाही’ असं लिहायची मुभा मिळाली की त्यामागे ‘कारण’ हा शब्द आपोआप येतो. त्या एका शब्दापाशी मूल गोष्ट सांगायचं सोडून विचार मांडायला लागतं. शुद्धलेखनाची लाल शाई तेवढी दूर ठेवावी. ‘न’ आणि ‘ण’ची लढाई नंतर लढता येते.

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याजवळ, गळीत हंगामात, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वर्गात माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच वाचला गेला. त्यात राधाच्या घरातली माणसं एकेक करून भेटतात. खोपीत राहणाऱ्या एका मुलीने लिहिलं ते आजीबद्दल. तिची आजी गावाकडेच राहिली होती, म्हणून पुस्तक वाचताना तिला राधाचा राग आला. असला राग ज्या परीक्षणात उतरतो, त्याला मी पैकीच्या पैकी देईन. गुण द्यायचे नसले तरी!

बारामतीत असल्यावर मोरोपंतांना टाळून कसं चालेल? कऱ्हेकाठच्या या पंडित कवीने (१७२९–१७९४) एकाच रामकथेची १०८ रामायणं रचली असं म्हणतात. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात तर ओठ जुळवून उच्चारायचं एकही अक्षर नाही. पांडित्याची हौस म्हणून पुष्कळजण त्यावर नाक मुरडतात. मला त्यात खोडकर मुलाचा आनंद दिसतो. शिवाय गोष्ट एकच असली तरी ती सांगायच्या तऱ्हा संपत नाहीत, हे पंतांनी बारामतीत कधीच दाखवून ठेवलंय. म्हणून एका पुस्तकाचं एकच परीक्षण घेऊन थांबू नये. दहा मुलांची दहा परीक्षणं भिंतीवर शेजारी शेजारी लावावीत. आपलं मत शेजाऱ्याच्या मताशी जुळत नाही हे दिसलं, की मुलं वाद घालायला पुन्हा पुस्तकात शिरतात. पुन्हा वाचायला लावणारा याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही.

शाळांच्या ग्रंथालयांना एवढंच सुचवतो: पुढची खरेदी करण्याआधी मुलांनी लिहिलेली परीक्षणं वाचा. नापसंतीची आधी.