डॉल्फिन दिसले नाहीत, तरी पैसे वसूल!

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब मालवणजवळच्या देवबागला गेलो होतो. पहिल्या दिवशी एका बोटवाल्याने डॉल्फिनची 'शंभर टक्के गॅरंटी' दिली. एकही दिसला नाही. उतरताना पैशावरून वाद झाला, मुलं हिरमुसली.

दुसऱ्या दिवशीचे बोटवाले काका पैसे घेण्याआधीच म्हणाले, "डॉल्फिन दिसतलेच असा नाय हां!" मग आधी मुलांना लाइफ जॅकेट घातली, पट्टे स्वतः ओढून बघितले. कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम दाखवला. समुद्री गरुड दिसताच इंजिन बंद करून सगळ्यांना गप्प बसवलं. डॉल्फिन त्या दिवशीही नाही दिसले! पण मुलं परतताना गरुडाबद्दलच बोलत होती, आणि मी काकांचा नंबर चार मित्रांना पाठवला.

समुद्र तोच, बोट तशीच. मग फरक कशात?

जे आपल्या हातात नाही, त्याची गॅरंटी विकू नका. वेळ, सुरक्षा, माहिती, वागणूक आपल्या हातात आहे, ते चोख द्या. वारा वाढला तर ट्रिप रद्द करा. पावसाळ्यात हा धंदा बंद असतो, त्यामुळे सीझनमधला एक दिवस बुडाला तरी खिशाला लागतं, मान्य. पण गेलेला विश्वास पुढच्या सीझनलाही परत येत नाही.

आज वहीत लिहा: तुमच्या धंद्यातला 'डॉल्फिन' कोणता?