ॲप बंद पडलं, ड्रोन मात्र हवेतच

आजचा विषय ड्रोनचा असं जाहीर झालंय. पण खरं सांगायचं तर आम्ही बोलणार आहोत ते ड्रोन चालवणाऱ्या मोबाईल ॲपबद्दल, आणि तेही अजून पुरतं तयार न झालेल्या, ज्याला बीटा म्हणतात तसल्या ॲपबद्दल. बीटा म्हणजे काय? बनवणाऱ्यांनी आधीच सांगितलेलं असतं की बाबांनो, यात चुका असणार, वापरा आणि कळवा. आपण 'वापरा' तेवढं ऐकतो, 'कळवा' विसरतो.

आमचं काम साधं होतं. माण तालुक्यातल्या एका गावचा पाझर तलाव. मे महिना, तलाव कोरडा ठणठणीत. तलाव बांधतानाच्या तळाच्या पातळ्या जुन्या कागदांवर होत्या. आजच्या पातळ्या ड्रोनने मोजायच्या, दोन्हींतला फरक म्हणजे गाळ, आणि तो किती ते ग्रामपंचायतीला सांगायचं. त्यावरून ट्रॅक्टर किती लावायचे, कोणाच्या शेतात किती गाळ न्यायचा हे ठरणार होतं. एकदा पाऊस पडून तळाला पाणी आलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळं तसंच राहणार. म्हणून घाई होती.

ड्रोनने नकाशा करायचा म्हणजे एक फोटो काढायचा नसतो. शेत नांगरल्यासारखं ड्रोन इकडून तिकडे आणि तिकडून इकडे उभ्या रेघांत फिरतो आणि खालचे शेकडो फोटो काढतो. प्रत्येक फोटो शेजारच्या फोटोवर भरपूर चढलेला असावा लागतो. त्यालाच ओव्हरलॅप म्हणतात. जमिनीवरचा एकच दगड चार-पाच फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसला, तरच संगणकाला त्याची जागा आणि उंची काढता येते. हे हाताने उडवून साधत नाही. म्हणून ॲप. नकाशावर बोटाने चौकोन काढा, उंची सांगा, ओव्हरलॅप सांगा, बाकीचा हिशोब ते करतं.

पण तो हिशोब आपल्यालाही यायला हवा, नाहीतर ॲप चुकलं हे कळणार कसं? आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर १३.२ मिलिमीटर रुंद, ८.८ मिलिमीटर उंच, आणि भिंगाचं नाभीय अंतरही ८.८ मिलिमीटर. म्हणजे ६० मीटर उंचीवरून एका फोटोत जमीन मावते ९० मीटर रुंद आणि ६० मीटर लांब. फोटोची रुंदी ५४७२ पिक्सेल, तेव्हा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण १.६ सेंटिमीटर. उडण्याच्या दिशेने ७५ टक्के ओव्हरलॅप हवा असेल तर दर १५ मीटरला एक फोटो. बाजूच्या दिशेने ७० टक्के हवा असेल तर दोन रेघांत २७ मीटर अंतर. एवढं गणित तोंडी जमतं.

आता पहिली गडबड इथेच. ॲपने वेग धरला होता सेकंदाला १० मीटर. म्हणजे दर दीड सेकंदाला फोटो. आमचा कॅमेरा मात्र आम्ही निवडलेल्या फाईल-प्रकारात दोन सेकंदांपेक्षा लवकर दुसरा फोटो घेत नव्हता. ॲप आज्ञा देत होतं, कॅमेरा काही आज्ञा गिळत होता, आणि पडद्यावर मात्र सगळं हिरवं! फोटो पडले दर २० मीटरला, ओव्हरलॅप उतरला ६७ टक्क्यांवर. खाली आल्यावर कार्डावरचे फोटो मोजले तेव्हा कळलं. म्हणून आमची सवय अशी झाली की ॲप किती फोटो म्हणतंय आणि कार्डावर किती आहेत, हे गावातून निघण्याआधी मोजायचं. घरी येऊन मोजण्यात काही अर्थ नाही. वेग साडेसात मीटरवर आणला आणि हा प्रश्न सुटला.

दुसरी गडबड ॲपची नव्हती, आमचीच होती. ॲपमधली ६० मीटर उंची ही ड्रोन जिथून उडालं तिथून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नाही. आम्ही बांधाच्या पायथ्याला सावली बघून उभे राहिलो. तलावाच्या पलीकडे टेकडी ३० मीटर चढते. तिथे ड्रोन जमिनीपासून फक्त ३० मीटरवर होतं. फोटोत जमीन मावली निम्मी, पण फोटोंमधलं आणि रेघांमधलं अंतर तेवढंच. पुढचा ओव्हरलॅप ७५ वरून ५० टक्के, बाजूचा ७० वरून ४० टक्के. नकाशात टेकडीच्या जागी भोकं पडली, आणि आम्ही दोन दिवस ॲपला शिव्या देत होतो. काही ॲपमध्ये जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलायची सोय असते. आमच्यात ती नव्हती, तर आम्ही टेकडीचा तुकडा वेगळा केला आणि वर जाऊन उडवला.

आता मुख्य गोष्ट. ॲप मध्येच बंद पडायचं. पडद्यावरून नाहीसंच व्हायचं, एखादा माणूस बोलता बोलता उठून निघून जावा तसं.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा ड्रोन हवेत होतं. सगळ्यांचा समज असा असतो की ॲप बंद पडलं की ड्रोन आपोआप घरी येतं. हा समज फार धोक्याचा आहे. आपोआप परत येणं सुरू होतं ते रिमोटचा आणि ड्रोनचा संपर्क तुटला की. इथे रिमोट चालू आहे, संपर्क उत्तम आहे, मेलंय ते फक्त फोनमधलं ॲप. मग ड्रोन काय करतं? ते ॲप कसं बांधलंय यावर आहे. काही ॲप सगळा मार्ग उडण्याआधीच ड्रोनमध्ये भरतात. तिथे ॲप मेलं तरी ड्रोन आपल्या रेघा पूर्ण करत राहतं. काही ॲप क्षणाक्षणाला आज्ञा देतात. तिथे आज्ञा थांबल्या की ड्रोन आहे तिथे तरंगत राहतं आणि बॅटरी उतरत राहते. आमचं दुसऱ्या जातीचं होतं. आमच्यातले दोघं फोनशी झटत बसले, ॲप पुन्हा उघड, केबल काढ, केबल लाव. तिसऱ्याने रिमोटवरचं परत येण्याचं बटण दाबलं. तिसरा बरोबर होता. ड्रोन हवेत असताना फोन दुरुस्त करायचा नसतो. आधी ड्रोन खाली, मग तपास. आणि कोणतंही नवं ॲप घेतलं की ते कोणत्या जातीचं आहे हे मोकळ्या माळावर, डोक्याच्या थोडं वर ड्रोन ठेवून, मुद्दाम ॲप बंद करून बघावं. तलावावर शिकू नये.

(प्रेक्षकांतून प्रश्न आला की परवानगीचं काय.) हो, ते राहिलंच. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर बघायचा. हिरव्या भागात साधारणपणे ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवता येतं. आमचा तलाव हिरव्यात होता.

तर तपास. हवेत बंद पडण्याचं कारण तसं लवकर सापडलं. फोनची बॅटरी वाचवणारी जी सोय असते, ती जड ॲप मारून टाकते. त्यात मे महिन्याचं ऊन, फोन हातात धरवत नव्हता. या ॲपपुरती ती सोय बंद केली, नकाशा घरूनच उतरवून घेतला आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकला, कारण रिमोटशी जोडणी केबलने असते, नेटवर्कची गरज नाही. फोनला छत्री धरली. लोक हसले, पण हवेत बंद पडणं थांबलं.

आणि तरी ॲप बंद पडतच राहिलं! फक्त आता हवेत नाही, जमिनीवर. साधारण ४० हेक्टर क्षेत्र, २७ मीटरच्या रेघा, म्हणजे जवळजवळ १५ किलोमीटर उड्डाण, हजारेक फोटो, तेहतीस-पस्तीस मिनिटं. एका बॅटरीत हे होत नाही. मध्ये ड्रोन उतरवायचं, बॅटरी बदलायची, ॲपमध्ये 'पुढे चालू' दाबायचं. ते दाबलं की ॲप गायब. लक्षण तेच म्हणून आम्ही आजारही तोच धरला. तिथेच फसलो.

आमचा फोन तापून मंद झाला होता, म्हणून त्या दिवशी गावातल्याच एका मुलाचा फोन वापरत होतो. त्याने ड्रोनचं काम आमच्यापेक्षा लवकर उचललं होतं. आम्ही त्याला काय म्हटलं असेल? "अरे, तुझा फोन जरा हलका आहे रे." तो गप्प बसला. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

नंतर मात्र शहाण्यासारखं वागलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिहायचं. ड्रोनची पाती काढून, टेबलावर ठेवून, कारण हे सगळं जमिनीवरच घडत होतं. केबल बदलली, बंद पडलं. फोनमधली जागा रिकामी केली, बंद पडलं. ॲप काढून परत टाकलं, बंद पडलं. मग त्या मुलालाच सुचलं की ॲप 'इथपर्यंत झालं' हे कुठेतरी लिहून ठेवत असणार, ती फाईल तुमच्या फोनवर नेऊन बघू. नेली. 'पुढे चालू' दाबलं, आणि आमच्या चांगल्या, महाग फोनवरही ॲप बंद! उलट आमच्या फोनवर तयार झालेली फाईल त्याच्या फोनवर नेली, तर सुरळीत चालली. म्हणजे त्याचा फोन निर्दोष. दोष फाईलमध्ये.

ती फाईल साधी मजकुराची होती, म्हणून उघडून वाचली. अक्षांश १७ अंश आणि पुढे दशांश, रेखांश ७४ अंश आणि पुढे दशांश. सगळं जागच्या जागी. दहा मिनिटं आम्ही त्या आकड्यांकडे बघत होतो आणि काहीही चुकीचं दिसेना. दिसणार कसं? आम्ही मराठी माणसं. आकडे देवनागरीत होते!

त्या मुलाचा फोन मराठी भाषेवर होता, आमचा इंग्रजीवर. ॲप बनवणाऱ्याने आकडा मजकुरात लिहायची आज्ञा दिली, पण कोणत्या अंकांत ते सांगितलं नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोनची भाषा बघतं. युनिकोडच्या ज्या भाषा-माहितीसंग्रहावर हे चालतं, त्यात मराठीसाठी मूळ अंक देवनागरी धरलेले आहेत. गंमत म्हणजे हिंदीसाठी तसे नाहीत. तेव्हा कोणी हिंदी फोनवर तपासून बघितलं असतं तरी हे सापडलं नसतं. तर ॲपने १७ लिहिले मराठीत, आणि वाचताना मात्र इंग्रजी अंकांचीच अपेक्षा केली. जावा भाषेत पूर्णांक वाचणारी नेहमीची आज्ञा देवनागरी अंक बिनतक्रार वाचते, दशांश अपूर्णांक वाचणारी वाचत नाही. म्हणून ६० मीटर उंची वाचली जायची आणि पुढच्याच ओळीतल्या अक्षांशाला ॲप कोसळायचं. पहिल्या बॅटरीला हे होत नव्हतं, कारण तेव्हा आकडे स्मृतीतच असायचे, फाईल वाचायची वेळच येत नसे. जर्मन आणि फ्रेंच फोनवर याचाच चुलतभाऊ भेटतो. तिथे दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम येतो.

बनवणाऱ्यांना आम्ही आधी दोनदा कळवलं होतं. "ॲप बंद पडतं, कृपया बघा." उत्तर आलं की आमच्याकडे होत नाही. त्यांचं खोटं नव्हतं, त्यांच्याकडे होतच नव्हतं. तिसऱ्यांदा नीट लिहिलं. ॲपची आवृत्ती, फोनचा नमुना, अँड्रॉइडची आवृत्ती, ड्रोनचं फर्मवेअर, फोनची भाषा, घडलं ती वेळ, त्या वेळचा लॉग आणि दोन्ही फायली. खाली चार ओळी: भाषा मराठी करा, मिशन सुरू करा, बॅटरी काढा, 'पुढे चालू' दाबा. तीन दिवसांत दुरुस्ती आली. माणसाला दाखवताना त्याच्या भाषेतले अंक, यंत्रासाठी लिहिताना कायम एकच ठरलेले अंक, एवढाच बदल. त्यांच्या तक्रार-अर्जात आता 'फोनची भाषा' असा एक रकाना आहे.

दुरुस्ती आली त्या दिवशी आम्ही लगेच ती घेऊन तलावावर गेलो नाही, हेही सांगतो. उड्डाणाच्या सकाळी अपडेट नाही, हा नियम. आधी टेबलावर, पाती काढून. मग माळावर. जुनी आवृत्ती फोनमध्ये राखून.

तलावाचं काम मृगाच्या तोंडावर झालं. आभाळ भरून आलं होतं, उजेड कमी, म्हणून शटर मंद ठेवावं लागलं. साडेसात मीटर वेगाला सेकंदाच्या पाचशेव्या भागात ड्रोन दीड सेंटिमीटर सरकतं, म्हणजे जवळजवळ एक पिक्सेल. तेवढं धकलं. फोन त्या मुलाचाच होता, मराठीतच. पहिली बॅटरी संपली, ड्रोन उतरलं, त्याने दुसरी बसवली आणि 'पुढे चालू' दाबण्याआधी आमच्याकडे एकदा बघितलं. आम्ही काही बोललो नाही. ड्रोन उठलं आणि सोडलेल्या रेघेवर जाऊन लागलं.