मोटारीच्या मागच्या दाराचे दोन आधार

बाजारहाट आटोपून मंडळी मोटारीपाशीं येतात. दोन्ही हात पिशव्यांनीं भरलेले असतात. डिकीचें दार थोडेंसें उचललें कीं तें आपोआप वर जातें आणि छपरासारखें डोक्यावर थांबून राहतें. हें इतक्या सहज घडतें कीं, त्या दाराचा भार कोण पेलतो हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो येतो एखाद्या दिवशीं, दार अर्ध्यावर थांबून हळूच खालीं येऊं लागतें तेव्हां. मग डिकींत एक काठी कायमची येऊन बसते, किंवा एकानें दार धरावें आणि दुसऱ्यानें सामान काढावें अशी वहिवाट पडते. ही केवळ गैरसोय मानून सोसली जाते. वास्तविक ती सूचना असते. ती वेळीं ऐकली नाहीं, तर तेंच दार एके दिवशीं वांकलेल्या माणसाच्या डोक्यावर किंवा लहान मुलाच्या बोटांवर येऊन आदळतें.

हा भार पेलणाऱ्या, दाराच्या दोहों कडांस असलेल्या काळ्या नळ्यांना गॅस स्ट्रट म्हणतात. गॅरेजांत ‘डिकीचा शॉकर’ हें नांव रूढ आहे. रचना साधी आहे. पोलादी नळींत नायट्रोजन वायु मोठ्या दाबानें कोंडलेला असतो. एका टोकांतून चकचकीत दांडी बाहेर येते आणि तिच्या आंतल्या टोकास दट्ट्या असतो. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून मूठ दाबली, तर ती परत वर येऊं पाहते; तोच हा न्याय. फरक इतकाच कीं, या दट्ट्याला बारीक छिद्रें असल्यामुळें त्याच्या दोन्ही बाजूंस वायूचा दाब सारखाच असतो.

दाब जर सारखा, तर दांडी बाहेर कां ढकलली जाते? दट्ट्याच्या ज्या बाजूस दांडी जोडलेली असते, तेथें दांडीच्या जाडीइतकी जागा वायूच्या वांट्यास येत नाहीं. दुसऱ्या बाजूस मात्र दट्ट्याचें सगळें तोंड वायूला मोकळें असतें. या फरकाएवढा जोर दांडीला बाहेर लोटतो. दांडीचा व्यास ८ मिलिमीटर असला, तर तिच्या छेदाचें क्षेत्रफळ सुमारें ५० चौरस मिलिमीटर भरतें. आंतील दाब १०० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ शंभरपट धरला, तर जोर सुमारें ५०० न्यूटन होतो. ५० किलोंचें ओझें तोलून धरण्याइतका. दार एवढें जड नसतें. परंतु स्ट्रट बिजागरीच्या जवळ लावलेला असल्यामुळें, तरफेच्या नियमानें, त्याला दाराच्या वजनाहून पुष्कळ अधिक जोर लावावा लागतो.

वायूचा दाब उष्णतामानाप्रमाणें बदलतो. दुपारीं ३५ अंशांवर असलेला दाब पहाटे १० अंशांवर सुमारें ८ टक्क्यांनीं उतरतो. म्हणून थकलेल्या स्ट्रटची पहिली तक्रार थंडीच्या सकाळीं ऐकूं येते. दुपारीं दार पुन्हां नीट उभें राहिलें, म्हणून निश्चिंत होऊं नये; शक्ति काठावर आली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

स्ट्रटचें आयुष्य दांडीभोंवतींच्या सीलवर अवलंबून असतें. दांडीवर धूळ व चिखल सांचून कण सीलला घांसूं लागले, किंवा समुद्रकांठच्या खाऱ्या हवेनें ती गंजली, कीं वायु हळूहळू निसटूं लागतो. यास्तव ती अधूनमधून स्वच्छ, कोरड्या फडक्यानें पुसावी. तिला वंगण किंवा रंग लावूं नये, पकडींत धरूं नये. सीलला लागणारें थोडेंसें तेल नळींतच घातलेलें असतें. दांडीवर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलें असें समजावें. महिन्यांतून एकदां दार अर्धें उघडून, हात जवळच ठेवून, तें कसें वागतें हें पाहिलें म्हणजे परीक्षा पुरी होते.

निकामी झालेला स्ट्रट घरीं दुरुस्त होत नाहीं; तो बदलावाच लागतो, आणि जोडीनेंच. एक नवा व एक जुना असला म्हणजे भार एकाच बाजूस पडून दार पिळवटतें. नळीवर छापलेला न्यूटनचा आंकडा व पूर्ण उघडलेल्या स्थितींतील लांबी जुळवून घ्यावी. अधिक जोराचा स्ट्रट अधिक चांगला, हा समज चुकीचा आहे; त्यानें बिजागऱ्यांवर व पत्र्यावर ताण येतो आणि दार मिटणें जड जातें.

काम दोघांनीं करावें. दार पूर्ण उघडून त्याखालीं भक्कम लांकडी टेकू द्यावा, आणि दुसऱ्या माणसानें तें धरून ठेवावें. स्ट्रटच्या टोकाची वाटी बहुधा एका गोल डोक्याच्या खिळीवर बसलेली असते. वाटीवरचा तारेचा चाप स्क्रूड्रायव्हरच्या चपट्या टोकानें किंचित् उचलला कीं ती सुटते. एक बाजू पुरी झाल्यावांचून दुसरीस हात लावूं नये. नवा स्ट्रट जुन्याच्याच दिशेनें धरून वाटी खिळीवर दाबावी. ‘खट्’ असा आवाज झाला म्हणजे ती बसली. दोन्ही बाजूंचे चाप जागच्या जागीं आहेत ना, हें पाहूनच टेकू काढावा.

जुना स्ट्रट निकामी दिसला, तरी त्यांत दाब शिल्लक असूं शकतो. तो कापूं नये, त्यास भोंक पाडूं नये, विस्तवांत टाकूं नये, मुलांना खेळावयास देऊं नये; गॅरेजवाल्याकडेच सोंपवावा. आणि त्याबरोबर डिकींतली काठीहि घरीं न्यावी. ती तेथें असेपर्यंत दुखणें झांकलें जातें. आणि घाईच्या वेळीं ती लावावयाची राहून गेली, कीं दाराखालीं कोण उभें आहे हें दार पाहत नाहीं.