निर्धूर चुलीची बांधणी व निगा

स्वयंपाकघरातील धूर पिढ्यानपिढ्या सोसत आल्यामुळे तो टाळता येण्याजोगा आहे, हे पुष्कळदा आपल्या ध्यानातच येत नाही. धुराने केवळ डोळे चुरचुरतात असे नव्हे. त्यातील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोल उतरतात. फुप्फुसांचा जुनाट विकार व लहान मुलांचा न्यूमोनिया यांच्या कारणांत या धुराची गणना होते. चुलीपाशी बसणारी गृहिणी व तिच्या मांडीवरचे मूल यांनाच त्याचा उपद्रव सर्वाधिक होतो.

या बाबतीतले प्रयत्न जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीने ‘मगन चूल’ प्रसारात आणली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ साली निर्धूर चुलीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८३ साली सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. तरीही बांधलेल्या अनेक चुली पुढे निकामी झाल्या. धुराडे काजळीने तुंबले, धूर घरात परतला आणि लोक जुन्या चुलीकडे वळले. दोष बहुधा निगेचा होता.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस पोहोचला आहे. आरोग्याच्या दृष्टीने गॅसच श्रेयस्कर होय. तथापि आंघोळीचे पाणी, भाकरी व जनावरांचे आंबोण यांसाठी जेथे चूल पेटतेच, तेथे ती निर्धूर असावी.

बांधणी

चूल घालण्यापूर्वी गृहिणीचा विचार घ्यावा. तिच्या तव्याचे व पातेल्याचे माप घेऊनच चुलीची तोंडे पाडावीत. भांडे तोंडावर नीट बसले म्हणजे बाजूने धूर निसटत नाही. जागा दाराच्या थेट झोतात नसावी. माती चाळून तीत भाताचे तूस व शेण मिसळावे आणि ती भिजवून दोन दिवस मुरू द्यावी. पुढे जाळाचे तोंड, त्यामागे वैल व दोहोंना जोडणारा बोगदा अशी रचना करावी. बोगद्याचा तळ वैलाकडे किंचित चढता ठेवावा. चूल सावलीत आठवडाभर वाळवावी, भेगा मातीने बुजवाव्यात आणि पहिला जाळ मंद ठेवावा.

धुराडे

वैलाच्या मागे सुमारे चार इंच व्यासाचा नळ सरळ उभा बसवावा. बुडाशी सफाईचे तोंड ठेवून ते विटेने बंद करावे. नळ छपराच्या वर किमान तीन फूट न्यावा. आखूड नळातील धूर छपरावरून वळणारा वारा पुन्हा खाली लोटतो. पावसासाठी वर टोपी बसवावी. पत्र्याचा नळ फार तापतो. म्हणून लाकडी वासे व गवती शाकार यांपासून तो किमान एक हात दूर असावा. शाकारलेल्या छपरातून नळ नेऊच नये. तो भिंतीतून बाहेर काढावा. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे जुने नळ वापरू नयेत, कारण ते कापताना व घासताना उडणारी धूळ फुप्फुसांस अपायकारक असते.

निगा

ओल्या सरपणाने धुराड्यात डांबरासारखा थर साचतो व तो पेटूही शकतो. म्हणून सरपण, तुऱ्हाट्या व पऱ्हाट्या पावसाळ्यापूर्वीच वाळवून आडोशाला रचाव्यात. दर अमावास्येस व पौर्णिमेस, चूल पूर्ण थंड असताना, लांब बांबूच्या टोकास काथ्याचा बोळा बांधून नळ साफ करावा आणि बुडाशी पडलेली काजळी काढून घ्यावी. जाळाच्या तोंडातून धूर उलट येऊ लागला किंवा वैलावरचे भांडे तापेनासे झाले, तर पंधरवड्याची वाट पाहू नये. वैलावर भांडे नसेल तेव्हा ते तोंड झाकावे. तापलेल्या चुलीवर पाणी ओतू नये. तिला तडे जातात.

दक्षता

जाळ पेटविण्यासाठी रॉकेल ओतू नये. राखेखाली निखारे कित्येक तास जिवंत राहतात. अशी राख कडब्याच्या गंजीजवळ टाकू नये. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो व तो झोपेतच प्राण घेतो. धुराड्यात आग लागल्यास घरातील माणसांना बाहेर काढावे. शक्य असेल तर जाळाचे तोंड ओल्या मातीने बंद करावे, नळात पाणी ओतू नये व छपरावर लक्ष ठेवावे.

चूल गृहिणीची असली तरी छपरावर चढून धुराडे साफ करण्याचे काम घरातील पुरुषांनी अंगावर घ्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही चूल बांधून झाली की काम संपले असे मानू नये. महिन्याने त्या घरी पुन्हा जावे व सफाई समक्ष करून दाखवावी. आपल्या गावात किती चुली बांधल्या याबरोबरच वर्षानंतर त्यांतील किती निर्धूर राहिल्या, याचीही नोंद त्यांनी ठेवावी.