आधी खिळे, मग हवेली

आकाशातून आग ओकणारा ड्रॅगन लोळवलेला वीर लोहाराच्या दुकानात उभा आहे. त्याला लोखंडाच्या लगडी हव्यात आणि लोहाराकडे आज तीनच शिल्लक आहेत. बाकीच्या हव्या असतील तर खेळातले दोन दिवस थांबा, माल पुन्हा भरतो. 'द एल्डर स्क्रोल्स ५: स्कायरिम' हा खेळ नोव्हेंबर २०११मध्ये आला आणि पुढच्या सप्टेंबरात त्याला 'हार्थफायर' नावाचा जोडभाग मिळाला. त्यात सांगण्यासारखी कथा नाही, हरवावा असा नवा महाखलनायकही नाही. ५००० सोन्याची नाणी मोजली की रिकामा प्लॉट मिळतो. पुढचं तुमचं तुम्ही बघायचं.

प्लॉट तीन आहेत. फॉल्क्रीथच्या पाइनच्या जंगलात, इलिनाल्टा तळ्याच्या वरच्या अंगाला लेकव्ह्यू. मॉर्थलच्या पलीकडे खारट दलदलीत विंडस्टॅड. आणि डॉनस्टारच्या हद्दीत, बर्फाळ माळावर हेलयार्कन. तिथे जवळच महाकायांचा तळ आहे आणि पाळलेले मॅमथ घेऊन ते हिंडत असतात. प्रत्येक जागेचं एकेक वैशिष्ट्य: लेकव्ह्यूला मधमाश्यांची पेटी बसवता येते, विंडस्टॅडला मासे पाळायची सोय, हेलयार्कनला पिठाची गिरणी. बहुतेक लोक देखावा बघून लेकव्ह्यू घेतात. तिथून सर्वांत जवळची लाकडाची वखार हाफ-मून मिल, आणि ती चालवणारं जोडपं रक्तपिपासू व्हॅम्पायर आहे. वासे मात्र चोख देतात. जिवंत माणसांच्या वखारीत २०० नाण्यांना २० ओंडके, इथेही तोच भाव.

जागेवर पोचलात की एक उतरतं टेबल दिसतं, त्यावर नकाशे. शेजारी सुताराचं बाकडं, ऐरण आणि एक पेटी. टेबलावर नकाशा निवडायचा, बाकड्यावर एकेक भाग बांधायचा: पाया, भिंतींचा सांगाडा, फरशी, भिंती, दार, छप्पर. दगड आणि माती प्लॉटवरच मिळते. कुदळ मारत राहा, खाण आटत नाही. ओंडके विकत घेतले की परस्पर जागेवर जमा होतात. खरी दमछाक होते ती लोखंडाने. एका लगडीतून दहा खिळे निघतात आणि दहा खिळ्यांत काहीच होत नाही. बिजागऱ्या, कडीकोयंडे, फर्निचरच्या पट्ट्या, सगळं लोखंडच खातं. कुलपाला वर कोरंडमची लगड लागते. काच घरी बनत नाही, ती दुकानदारांकडून मिळेल तेवढी उचलायची. भिंतीवरच्या दिव्यांना बकऱ्याची शिंगं लागतात, म्हणून जगाचा त्राता डोंगरउतारावर धनुष्य घेऊन बकऱ्यांच्या मागे पळतो. घर बांधलेल्या कुणालाही विचारा, बांधकाम कुठेही असो, शेवटच्या टप्प्यात साहित्य कमी पडतंच.

हे सगळं कंटाळवाणं आहे, आणि तरीही मला ते आवडतं. पैसे असले की या खेळात व्हाइटरन शहरातलं ब्रीझहोम हे घर तयार मिळतं, तेही ५००० नाण्यांनाच. कारभाऱ्याला पैसे दिले की फर्निचर येतं. पण ते घर आपलं वाटायला वेळ लागतो. लेकव्ह्यूची वरची तुळई मात्र वर बघितली की ओळखीची वाटते, कारण तिच्यासाठी किती फेऱ्या झाल्या ते आठवतं. हार्थफायरमध्येही सोबत्याला कारभारी नेमून खोल्या पैशाने सजवून घेता येतात. मी तसं करत नाही. ज्यांना पुढच्या मोहिमेची घाई असेल त्यांनी खुशाल करावं.

या बांधकामातला सर्वांत शहाणा नियम आहे तो निवडीचा. मोठं दालन उभं राहिलं की तीन बाजूंना तीन भाग जोडता येतात, पण प्रत्येक बाजूला तीनांपैकी एकच. पश्चिमेला जादूगाराचा मनोरा, शयनगृहं किंवा काचघर. उत्तरेला शिकारीचं दालन, कोठार किंवा औषधांची प्रयोगशाळा. पूर्वेला ग्रंथालय, शस्त्रागार किंवा स्वयंपाकघर. बांधकाम सुरू झालं की माघार नाही, पाडापाडीची सोय ठेवलेली नाही. म्हणजे ग्रंथालय हवं तर स्वयंपाकघरातल्या भट्टीवर पाणी सोडायचं. ब्रीझहोममध्येही हीच अडचण. रिफ्टनच्या अनाथाश्रमातून मूल दत्तक घ्यायचं तर त्याला पलंग आणि पेटी हवी, त्यासाठी औषधं बनवायचा कोपरा सोडावा लागतो. पुढे 'फॉलआउट ४'मध्ये याच कंपनीने भिंती हव्या तिथे मांडायची मोकळीक दिली. ती मोकळीक मोठी आहे, पण त्या वस्त्या मला कधी पुऱ्या झाल्यासारख्या वाटल्या नाहीत. हात आवरला नाही की घराचा गोदामखाना होतो.

घर उभं राहिल्यावर मात्र खेळ दगा देतो. तुम्हाला टेबलावर ताट मांडायचंय, त्यात चीजचा तुकडा, बाजूला प्याला आणि खंजीर. बटण दाबून धरलं की वस्तू हवेत तरंगते, पण ती नीट फिरवता येत नाही. दुसऱ्या वस्तूवर घासून, ढोसून तिचं तोंड वळवायचं. प्याला उभा राहतो. तुम्ही श्वास रोखून मागे सरता. बाहेर जाऊन परत येता, तर चीज जमिनीवर, प्याला कोपऱ्यात आणि खंजीर छताच्या दिशेने उडालेला. खेळ प्रत्येक सुट्या वस्तूला वजन आणि टक्कर लावतो. घराचा कप्पा पुन्हा उघडला की वस्तू नव्याने जागा शोधतात, एकमेकींत जरा घुसलेल्या असतील तर धक्का देऊन वेगळ्या होतात. पुस्तकांसाठी फळ्या आणि तलवारींसाठी फलक दिलेत ते याचसाठी. तिथे वस्तू ठरावीक खाचेत बसते, हलत नाही.

फेब्रुवारी २०१२मध्ये कंपनीने 'क्रिएशन किट' हे खेळात बदल करायचं साधन फुकट दिलं आणि खेळाडूंनी घरांचे मॉड, म्हणजे स्वतःचे जोडभाग, बनवायला सुरुवात केली. ते उघडलं की कळतं, हे गवंडीकाम वेगळ्याच जातीचं आहे. भिंतीचे, कोपऱ्यांचे, कमानींचे तयार तुकडे जाळीवर खटाखट बसतात. अंतर मोजायचं एककांत, १२८ एकक म्हणजे साधारण सहा फूट. खोली अर्ध्या तासात उभी राहते. मग उरलेले आठवडे कशात जातात? फरशीवर त्रिकोणांचं जाळं पसरावं लागतं. ते नसेल तर बायको, मुलं, सोबती दारातच खिळून उभे राहतात, कारण पाय कुठे टाकायचा तेच त्यांना ठाऊक नसतं. सावली पाडणारे दिवे एका वेळी चारच चालतात. पाचवा लावला की एखादा लुकलुकतो किंवा विझतो. पेट्या अशा निवडाव्या लागतात की खेळ त्यातला माल काही दिवसांनी पुसून टाकणार नाही. आणि टेबलावरच्या प्रत्येक सफरचंदाला भौतिकशास्त्रातून सुट्टी द्यायला वेगळी खूण करायची असते.

सॉलिट्यूड शहरात 'लेगसी ऑफ द ड्रॅगनबॉर्न' नावाचं आख्खं वस्तुसंग्रहालय उभं करणाऱ्या मॉडमध्ये वस्तू पडण्याच्या अडचणीवर जुनी पण नामी युक्ती वापरलीय. मांडणीतली प्रत्येक वस्तू आधीपासूनच काचेत ठेवलेली असते, फक्त अदृश्य. तुम्ही आणलेली तलवार पिशवीतून निघून जाते आणि तिथली दिसू लागते. म्हणून ती कधीच पडत नाही. मला हा उपाय फार प्रामाणिक वाटत नाही, पण शेकडो वस्तू रोज हाताने उचलून ठेवण्यापेक्षा बरा.

नव्याने बांधणाऱ्यांनो, प्लॉट घ्यायच्या आधीच लोखंड साठवा, पूर्वेला काय हवं ते दोनदा विचार करून ठरवा, आणि टेबलावर फळांची परडी मांडायचीच असेल तर आधी खेळ सेव्ह करा.